बसमावशी आणि दोन सीटची गाडी

बसमावशीची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आहे. ही माझी थाप नव्हे. तिच्या नणंदेने शिवणाची टेप लावून मोजली, चांगला सव्वा इंच फरक निघाला. शाळेच्या बसचा क्लच बावीस वर्षं दाबायचा म्हणजे खायचं काम नाही. बेचाळीस सीटची बस, एकोणीस स्टॉप. सकाळी पावणेसातला बेकरीच्या कोपऱ्यावर पहिला थांबा, आणि मग दर थांब्यावर तेच: ब्रेक, हँडब्रेक, दाराचा दांडा मागे लोटायचा, आरशात डोकी मोजायची, दार लावायचं, गिअर. शाळेत सगळी पोरं उतरली की मावशी बसमधून शेवटच्या सीटपर्यंत चालत जाते आणि वाकून वाकून बघते. एकदा पहिलीतलं एक पोर मागच्या सीटवर झोपून राहिलं होतं आणि थेट डेपोत पोचलं होतं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला.

आता अशी बाई घरात असताना, तिने नवऱ्याची गाडी चौदा वर्षांत एकदाही चालवली नाही असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. पण तसं होतं खरं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळा बाजार त्यांना घड्याळजी म्हणायचा. बोलणं मोजकं, हात सोन्याचे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्त करायला ते गेले, आणि त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी बघून आले. जुनी, दोन सीटची, कापडी टपाची, बाटलीसारखी हिरवी आणि इतकी बुटकी की कुत्र्याने सहज ओलांडावी. शर्यतीची गाडी म्हणे! चाकं बसलेली, इंजिनात उंदरांचं घर. घड्याळजींनी ती घरी ओढून आणली. पुढची दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिचे अवयव मांडलेले असायचे, आणि हा माणूस घड्याळाच्या बारीक ब्रशने एकेक नट घासत बसायचा. मावशी चहाचा कप कुठे ठेवायचा ते विचारून ठेवायची.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस मावशीला अजून आठवतो. ती डेपोतून आली होती. निळा शर्ट, घामाघूम, बुटांना चिखल. दारात गाडी थरथरत उभी, आणि शेजारी घड्याळजी, पंचवीस वर्षांच्या पोरासारखे लाल झालेले. मावशी धावत पुढे गेली. तिने दाराला हात लावला आणि हे महाराज म्हणाले, "बूट पुसून हं."

झालं! दोन शब्द. त्यांच्या मनात काही नव्हतं हो. दुकानातही ते प्रत्येकाला तसंच सांगायचे. पण मावशीला ते लागलं. ती म्हणाली, "मी कशाला बसू? माझ्याकडे बेचाळीस सीटची आहे. हे खेळणं तुमचं तुम्ही खेळा." आणि आत गेली.

तिथून जी अढी बसली ती बसली. तो कधी किल्ली पुढे करेना, ही कधी मागेना. लग्नाकार्याला जायचं झालं तर मावशी बाजूच्या सीटवर बसायची, पर्स मांडीवर धरून, पाय अवघडून, परक्याच्या घरी आल्यासारखी. रविवारी सकाळी सातला घड्याळजी एकटेच गाडी काढायचे, पुलापलीकडच्या टेकडीपर्यंत जायचे आणि नऊला ताजा पाव घेऊन गुणगुणत परत यायचे. आठवडाभर मुका असणारा माणूस रविवारी गुणगुणायचा. नणंद, म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण, मावशी त्यांना वन्सं म्हणते, त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्या गाडीला 'सवत' म्हणायच्या. "काय गं, सवत कुठे गेली आज?" मावशीही हसायची. पण खरं सांगायचं तर तिला सवतीचा राग नव्हता. तिला त्या किल्लीची आस होती. बावीस वर्षं हत्ती हाकणाऱ्या बाईला एकदा तरी हरणावर बसावंसं वाटणारच की! पण मागायचं? ती? मोडेन पण वाकणार नाही, अशी जात.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं. गुणगुणणं थांबलं. आधी मावशीच्या लक्षात आलं नाही, मग लक्षात आलं ते कानाने. ती रविवारी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि बाहेर घड्याळजी गाडी मागे घेत होते. खर्रर्र! रिव्हर्स गिअरचे दात एकमेकांवर घासले. मावशीच्या हातातली बशी तशीच राहिली. चौदा वर्षांत या माणसाने गिअरचा आवाज काढला नव्हता. पुढच्या रविवारी पुन्हा खर्रर्र. मग तीन रविवार गाडी बाहेरच निघाली नाही.

एका सोमवारी चहा पिता पिता घड्याळजी म्हणाले, "गाडी विकतोय."

"काय?"

"क्लच गेलाय. आता तिचं वय झालं. नदीपलीकडे एक दाताचा डॉक्टर आहे, त्याला हवीय. येत्या रविवारी दहाला नेऊन देतो."

"अहो, पण क्लचच ना? बदलता येतो."

"नको. पुरे झालं आता." एवढं बोलून ते कप घेऊन उठले. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. मावशीला वाटलं, झोप नीट झाली नसेल.

तिला खरं तर बरं वाटायला हवं होतं. सवत चालली! पण तसं वाटेना. रविवारचं ते गुणगुणणं गेलं तर या माणसात उरणार काय? भिंगातून बघणारा एक डोळा आणि 'हो', 'नाही', 'बघू' हे तीन शब्द. तिला तो नवरा नको होता. तिला रविवारचा नवरा हवा होता, मग तो दुसऱ्या कुणाबरोबर फिरून का येईना.

मंगळवारी सकाळची फेरी आटपून ती घरी आली. दुपारची फेरी एक वाजता. घड्याळजी दुकानात. कपाटावरच्या डब्यातून तिने किल्ली काढली आणि चोरासारखी गॅरेजमध्ये गेली. बूट पुसले, बरं का! राग असला तरी पुसले. दार उघडून बसायला गेली तर बसली कसली, पडलीच. बसची सीट अंगावर येते, ही खाली खड्ड्यात. समोर काचेतून नुसती गॅरेजची फरशी. "अगंबाई, ही गाडी आहे की आंघोळीचा टब?" ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. लोणी! तिने गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, पहिला, दुसरा, पुन्हा रिव्हर्स. एक दात वाजला तर शपथ. क्लच ठणठणीत होता. क्लच जळालेला, सुटलेला, घसरणारा, सगळे प्रकार ओळखणारी बाई ती. तिला कोण फसवणार? मग घोडं पेंड खातंय कुठे?

तेवढ्यात तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. सीट आणि दार यांच्या फटीत एक पट्टा खोचलेला होता. तिने तो ओढून काढला. घड्याळांचे जुने चामडी पट्टे, सहा पट्टे, एकाची बकल दुसऱ्याच्या भोकात अडकवून, जोडावर मेणाच्या दोऱ्याने बारीक टाके घातलेले. एका टोकाला बूट मावेल एवढा फास, दुसऱ्या टोकाला मुठीत धरायला अंगठी. मावशीने तो फास आपल्या बुटात अडकवला आणि अंगठी ओढली. तिचा पाय क्लचवरून वर उचलला गेला.

तिला सगळं एकदम कळलं. टेबलाचा आधार. दुकानातून उशिरा येणं. पायरीवर घासणारा डावा बूट. हा माणूस एका हाताने आपलाच पाय उचलत होता, दुसऱ्या हाताने गिअर टाकत होता, आणि स्टिअरिंग बहुधा देवाच्या भरवशावर. मावशी त्या खड्ड्यात बसून हमसून हमसून रडली. पायासाठी रडली, आणि त्याहून जास्त त्या टाक्यांसाठी. किती दिवस हा एकटा बसून ते शिवत होता आणि ती पलीकडच्या खोलीत भाजी निवडत होती.

ती तडक वन्संकडे गेली. दार उघडताच विचारलं, "पायाला काय झालंय त्यांच्या?"

वन्संनी आधी आढेवेढे घेतले, मग बसल्याच. "चार महिने झाले गं. दुकानाच्या पायरीवर पडला. कमरेतली नस दबलीय म्हणतात, पाऊल उचलतच नाही. सुधारेल, न सुधारेल, डॉक्टर धड काही बोलत नाही. मला शपथ घातली, तिला सांगायचं नाही."

"का पण? मी काय परकी आहे?"

"परकी नाहीस म्हणूनच. मी दवाखान्यात नुसता हात पुढे केला, तर माझ्या अंगावर धावून आला. थोरली बहीण मी! म्हणाला, मला आधार द्यायची वेळ आली की मी घरातनं बाहेर पडायचं बंद करेन. आणि तसंच करेल बघ तो, हट्टी आहे मेला." वन्संनी पदराने डोळे टिपले. "तू काही विचारू नकोस हं. मोडेल तो."

मावशी घरी आली. पट्टा होता तिथे खोचून ठेवला. आणि त्या रात्री, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मूग गिळून गप्प बसली. तिच्यासारख्या तोंडाळ बाईने हे कसं केलं तिचं तिला ठाऊक. तिला दोनच गोष्टी कळत होत्या. गाडी गेली की हा माणूस दुकान आणि घर यांच्यात आटत जाणार. आणि "मी चालवते, तुम्ही बाजूला बसा" असं सरळ म्हटलं तर तो 'नाही' म्हणणार, आणि त्याचं नाही म्हणजे नाही.

रविवार उजाडला. घड्याळजींनी गाडी गॅरेजबाहेर काढून पुसली, बराच वेळ पुसली. साडेनऊला ते किल्ली घेऊन निघाले तर गाडीच्या दाराशी मावशी उभी. निळा शर्ट घालून, कामावर जाते तशी.

"मी येते. किल्ली द्या."

"कशाला?"

"क्लच गेलाय ना? गेलेल्या क्लचची गाडी मला जमते. बसचा दोनदा गेला होता, तशीच पोरांसकट शाळेत नेली होती. तुम्ही घड्याळातले, तुम्हाला नाही जमायचं. वाटेत बंद पडली तर डॉक्टर काय म्हणेल?"

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. आता काय बोलणार? क्लच चांगला आहे म्हणावं तर पायाचं सांगावं लागतं. आपल्याच खोट्याच्या कचाट्यात सापडले बिचारे. किल्ली दिली. मग वळसा घालून बाजूच्या दाराशी गेले, आणि मावशीने त्याच वेळी आरसा नीट करायला घेतला. चांगली दोन मिनिटं ती आरसाच नीट करत होती. पलीकडे धडपड झाली, श्वास लागला, दार लागलं. मग तिला आरसा पटला.

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर मावशीने असं ऐसपैस वळण घेतलं की समोरचा सायकलवाला फुटपाथवर चढला. बस वळवायची सवय! "इतकं लांबून नको," घड्याळजी हळूच म्हणाले, "ती आपोआप वळते." मावशीने पुढचं वळण बोटांनी घेतलं आणि गाडी अशी सुळकन वळली की तिच्या तोंडून "अय्या!" निघून गेलं. पन्नाशी ओलांडल्यावर! घड्याळजींनी चमकून बघितलं.

बेकरीच्या कोपऱ्यावर गाडी थांबली. हँडब्रेक. मावशीचा हात दाराचा दांडा शोधत हवेत गेला. तिने आरशात बघितलं. मग गिअर टाकून निघाली.

"इथे का थांबलीस?"

"कुठे थांबले?" म्हणाली, आणि पाण्याच्या टाकीजवळ पुन्हा थांबली. हँडब्रेक, हवेत हात, आरसा. मग मात्र तिच्या लक्षात आलं. "अगं आई गं! अहो, ही माझी बसची वाट. डॉक्टरकडे जायला तर मागेच डावीकडे वळायचं होतं. हाताला सवय हो मेल्या! थांबा, वळवते."

घड्याळजी टाकीजवळच्या त्या रिकाम्या फुटपाथकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथे कोण चढतं?"

"इथे? जुळी. एकाचा डबा दुसऱ्याने घेतला म्हणून रोज भांडण."

"पुढचा स्टॉप कुठला?"

"छापखान्यापाशी."

"चल मग."

"अहो, डॉक्टर दहाला..."

"चल गं."

आणि मग ती दोघं निघाली, एकोणीस स्टॉपच्या फेरीवर, दोन सीटच्या शर्यतीच्या गाडीतून, बसच्या वेगाने. छापखान्यापाशी एक मुलगी चढते, ती वर्षभर कुणाशी बोलली नाही, आणि एके दिवशी मावशीला म्हणाली, तुमचा आरसा तिरका आहे. निळ्या फाटकाशी एक मिनिट जास्त थांबायचं, तिथला आजोबा नातवाला घेऊन हळूहळू येतो. धावला तर त्याला धाप लागते. चढावर एक मुलगा दर सोमवारी रडतो, मंगळवारी नाही. मावशी सांगत होती, हात हलवत होती, हसत होती. घड्याळजी ऐकत होते. बावीस वर्षं त्यांनी तिच्या जेवणाच्या वेळा पाहिल्या होत्या, ही वाट कधी बघितली नव्हती. बसमध्ये कधी बसलेच नव्हते.

अकराव्या स्टॉपवर, लायब्ररीच्या भिंतीपाशी, ते समोर बघत म्हणाले, "क्लच चांगला आहे."

"माहितीये."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"पट्टा सापडला?"

"हो. टाके सुरेख आहेत."

मागून एकाने हॉर्न दिला आणि तो पुढे निघून गेला.

"चौदा वर्षं तू ही चालवली का नाहीस?" घड्याळजींनी विचारलं. "किल्ली डब्यातच असायची."

"तुम्ही कधी दिलीत?"

"तू कधी मागितलीस? मला वाटायचं तू हसतेस हिला. खेळणं म्हणालीस."

"तुम्ही बूट पुस म्हणालात!"

"मी?" त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. मावशी चौदा वर्षं जे उराशी धरून बसली होती ते या गृहस्थांच्या गावीही नव्हतं! तिला हसावं की रडावं कळेना. मग तिने हँडब्रेक पुन्हा घट्ट ओढला आणि त्यांच्याकडे वळली.

"ऐका. मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. ही गाडी मला द्या. मला आवडते ही. पहिल्या दिवसापासून आवडते. आणि रविवारी तुम्ही माझ्या बाजूला बसायचं."

"बाजूला बसून काय करू?"

"मी इतकी वर्षं बसून काय करत होते? ते करा. पर्स देते मांडीवर धरायला."

घड्याळजींच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण लगेच चेहरा पडला. "तसं नाही गं. नुसतं बसणं असतं तर... चढायचं, उतरायचं. भर रस्त्यात. लोक बघतात."

तिने गिअर टाकला.

पंधराव्या स्टॉपवर दाताच्या डॉक्टरचा फोन आला. पावणेअकरा वाजले होते. पलीकडचा आवाज मावशीला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता, भलताच तापला होता गडी. घड्याळजींनी फोन कानापासून जरा लांब धरला. एकदा तिच्याकडे बघितलं, तिच्या हाताखालच्या स्टिअरिंगकडे बघितलं.

"माफ करा साहेब," ते म्हणाले. "गाडी आता माझी राहिली नाही. मालकीणबाई विकत नाहीत." आणि फोन बंद करून खिशात टाकला. मावशीला पुढचा रस्ता जरा धूसर दिसायला लागला. तिने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि उरलेले चार स्टॉप कुणीही न थांबवता थांबत थांबत पार केले. शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करून ती सवयीने मागच्या सीटा बघायला वळली, तर नाकासमोर कापडी टप! घड्याळजी हसले. मोठ्याने हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

परत येताना मात्र ते गल्ली येईपर्यंत डावा गुडघा चोळत बसले. गॅरेज गल्लीत उघडतं, आणि रविवारी दुपारी गल्ली म्हणजे काय विचारता! समोरच्या जिन्यावर बायका बसलेल्या, कोपऱ्यावर दोघंतिघं गप्पा मारत उभे, आणि दाराशी वन्सं. भावाने सवतीला निरोप दिला की नाही ते बघायला आलेल्या.

मावशीने गाडी गॅरेजपाशी थांबवली, कारण आत नेली तर बाजूचं दार भिंतीला लागतं आणि उतरता येत नाही. ती उतरली. पुन्हा आरसा नीट करायचं सोंग आणावं तर ती आता बाहेर होती. मग तिने गॅरेजच्या कुलपाशी खटपट सुरू केली, पाठ करून. कुलूप उघडंच होतं. मागे दार उघडल्याचा आवाज आला. एक पाय जमिनीवर आला. मग काहीच नाही. नंतर थोडी खसखस, सीटच्या चामड्याचा आवाज, एक दबलेला हुंकार. पुन्हा काहीच नाही. जिन्यावरच्या बायकांचं बोलणं थांबलं. वन्संनी पुढे पाऊल टाकलं आणि मावशीने डोळ्यांनीच त्यांना जागच्या जागी थांबवलं. तिला माहीत होतं, आता जर हा माणूस चिडला, लाजला, तर किल्ली मिळून काही उपयोग नाही. पुढच्या रविवारी तो घरातून निघणारच नाही. तिचे हात शिवशिवत होते. रोज बेचाळीस पोरांना धरून उतरवणारे हात. तिने ते कुलपावर दाबून धरले.

"अगं," मागून आवाज आला.

ती वळली नाही. "काय?"

"इकडे ये." सीट पुन्हा करकरली. "मला उतरव. जमत नाहीये."

हे ते हळू बोलले नाहीत. समोरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. मावशी गेली, खाली वाकली, दोन्ही हातांनी त्यांचा डावा पाय उचलून बाहेर ठेवला, मग त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ते जड होते. दोघंही थोडी डुगडुगली. गल्ली बघत होती, वन्सं तोंडाला पदर लावून रडत होत्या. घड्याळजींनी तिच्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार टाकला, आणि दारापर्यंत काढला नाही.